पिस्तुलात बसली म्हणून

१५ डिसेंबर २०२४, रविवार. बडनेरा.

मी चारशे मीटर पळायचे तेव्हा आमचे प्रशिक्षक रोज डायरी लिहायला लावायचे. झोप किती झाली, काय खाल्लं, पोटऱ्या दुखतात का. लग्नानंतर ते सुटलं. आज पुन्हा वही काढली. जानेवारीत अकोल्याला आंतरशालेय मैदानी स्पर्धा आहेत आणि मैदानप्रमुख म्हणून माझं नाव लागलं आहे. शाळेत खेळ शिकवते, पण अख्खं मैदान अंगावर पहिल्यांदाच येतंय. काही विसरायला नको.

बैठकीत मंडळाचे अध्यक्ष शालिकराम सर म्हणाले की पुढच्या वर्षापासून शर्यत सुरू करायला विजेवरचा भोंगा येणार. म्हणजे पिस्तुलाचं हे शेवटचं वर्ष. मग म्हणाले, शेवटचे बार डोमाजींनीच काढायला हवेत. सगळ्यांनी माना हलवल्या. मला भरून आलं, दाखवलं नाही.

डोमाजी इंगळे म्हणजे माझे बाबा. रेल्वेत पॉइंट्समन होते. ड्यूटी नसेल त्या दिवशी मैदानावर. माझ्या जन्माआधीपासून ते इकडच्या शर्यती सुरू करत आले. बारांनीच त्यांचा उजवा कान नेला. साखर आहे, गुडघे धरतात. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात.

घरी आल्यावर सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतून पिस्तूल काढलं आणि जुन्या बनियनच्या चिंधीने, शिलाई मशीनच्या तेलाने पुसत बसले. चाकाचं, सहा घरांचं पिस्तूल. नळी पुढून बुजवलेली, त्यातून गोळी जाऊच शकत नाही. नुसता आवाज आणि धूर. धातू हलका, त्यामुळे हातात खेळण्यासारखं वाटतं. माझी लेक अपेक्षा आजोबांना चिकटून बसली होती. तेरा वर्षांची झाली तरी त्या पिस्तुलाचं तिला अजून अप्रूप.

एकच अडचण. बिनगोळीची काडतुसं संपत आली आहेत, आणि उरलेल्यांवर हिरवा गंज चढलाय.

२० डिसेंबर, शुक्रवार

काडतुसं देणारं नागपूरचं खेळाच्या सामानाचं दुकान करोनातच बंद झालं. आज शाळा सुटल्यावर अमरावतीत बंदुकीच्या दुकानात जाऊन आले. मालक म्हातारे, सावकाश बोलणारे. म्हणाले, शर्यतीचं काडतूस आता कोणी विचारत नाही, मीही ठेवत नाही. मी बाबांचं एक जुनं काडतूस नेलं होतं. ते चिमटीत धरून त्यांनी मला बसवून समजावलं.

बावीसच्या, म्हणजे पॉइंट बावीस इंच जाडीच्या काडतुसांत ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोडा कडेवर आपटला की ते उडतं. पण सगळी बावीस सारखी नाहीत, त्यांत आखूड, लांब आणि जास्त जोराचं मॅग्नम असे प्रकार आहेत. आखूड काडतूस लांबच्या घरात बसतं आणि चालतं. मॅग्नम जरा जाड, ते लांबच्या घरात शिरतच नाही, म्हणून तिथे भीती नाही. लांब मात्र मॅग्नमच्या घरात सैल बसतं आणि उडताना फाटतं. शर्यतीच्या पिस्तुलाला आखूड, बिनगोळीचं, चिमूटभर दारूचंच लागतं.

निघताना पुन्हा म्हणाले, "बसते म्हणून भलतं काही घालू नका त्यात, मॅडम. घर जुळते, जोर जुळत नाही."

हे सगळं मी जेवताना घरी सांगितलं. बाबा विहारात बैठकीला गेलेले. अपेक्षाने ऐकलं. माझा नवरा सुगत ताटावरच पेंगत होता. अकोल्याला एका मोठ्या इमारतीच्या वायरिंगवर तो सुपरवायझर आहे. पहाटेच्या गाडीने जातो, दिवेलागणीनंतर येतो. त्याचा घास तसाच हातात राहिला होता. मी त्याला उठवून अंथरुणावर पाठवलं.

२८ डिसेंबर, शनिवार

मिळाली! बाबांनीच सांगितलं. कोणीतरी जुन्या दोस्ताने पाठवली म्हणे. कोण ते सांगेनात. सुगत गालात हसत होता. जवाई-सासऱ्याच्या खलबतांत मी पडत नाही. सुगतचे वडील तो लहान असतानाच बार्शीटाकळीला वारले. लग्न ठरलं तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, मले पोरगा नाही अन् तुले बाप नाही, हिशेब बरोबर. तेव्हापासून दोघांचं एक निराळंच राज्य आहे. मला चोरून जिलबी खातात आणि मिशी पुसायला विसरतात.

माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. आता फक्त चुना, दोऱ्या, पाण्याचा टँकर आणि पंच.

५ जानेवारी २०२५, रविवार

दोघं फिरायला म्हणून रेल्वेच्या मैदानाकडे गेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिकडून एकच बार ऐकू आला. मोठा होता, टाकीवरची कबुतरं उडाली. बाबा आले ते खुशीत. म्हणाले, नवा माल आहे, आवाज दणदणीत आहे, शेवटच्या लेनपर्यंत ऐकू जाईल. सुगतच्या अंगाला बाराच्या दारूचा वास आणि बाबांच्या मिशीला पाक.

एवढे आनंदी ते आई गेल्यापासून दिसले नव्हते.

१६ जानेवारी, गुरुवार

मैदान आखून झालं. पाठीचा काटा ढिला झालाय. शाळा वाढल्या, त्यामुळे चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फेऱ्या वाढवाव्या लागल्या. बाबांना म्हटलं, बार जास्त लागतील, पुरतील ना? त्यांनी सुगतकडे पाहिलं. सुगत म्हणाला, "होऊन जाईन. तू टेन्शन नको घेऊ."

पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय बाबांचा. टोपीही धुतली.

२० जानेवारी, सोमवार. अकोला, दवाखाना.

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

परवा सकाळी सगळं सुरळीत सुरू झालं होतं. बाबा स्टुलावर उभे राहून हात वर करायचे आणि मैदान गप्प व्हायचं. पहिल्या फेऱ्या झाल्या. मग मुलींची चारशे मीटर आली. मी समाप्तिरेषेवर, हातात घड्याळ. आवाज आपल्यापर्यंत उशिरा पोचतो, म्हणून आम्ही धूर पाहून घड्याळ दाबतो. मी धूर पाहिला आणि दाबलं. धूर नेहमीपेक्षा जास्त होता. मग आवाज आला, तोही निराळा होता, पत्रा फाटल्यासारखा.

बाबा स्टुलावर नव्हते.

मुली पळत होत्या. बार झाला म्हणून त्या पळाल्या, मागे कोणी पाहिलं नाही. त्यांनी पूर्ण चक्कर मारली. मी मैदानाच्या मधून बाबांकडे धावत होते आणि त्या माझ्या बाजूने वळणावर पळत होत्या. पहिली आलेली मुलगी हात वर करून उभी राहिली. तिच्याकडे पाहायला रेषेवर कोणीच उरलं नव्हतं.

पिस्तुलाचं चाक फुटलं होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. एक तुकडा उजव्या डोळ्यात. पांढरा शर्ट.

सुगत साईटवरून आला तो मैदानावरच बसला. त्याला उठवावं लागलं. मी त्याला कधी असं पाहिलं नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. डोळा काढला. डॉक्टर म्हणतात, हाताचीच काळजी आहे, साखरेमुळे.

दुपारी पोलिस उपनिरीक्षक मॅडम जबाब घ्यायला आल्या. बाबांना आता डाव्या कानाने, तेही मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं. काडतुसं कुठली, असं त्यांनी तीनदा विचारलं. बाबा म्हणाले, "मीच आणली. नागपुरात एका मानसानं देल्ली. नाव नाही मालूम." एवढं बोलून दमले.

मॅडम गेल्यावर माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. तेव्हा जुना दोस्त होता, आता नाव नाही माहीत? ज्या माणसाने आयुष्यात अनोळखी माणसाची सुपारी खाल्ली नाही, त्याने काडतुसं घेतली?

सुगत दाराशी उभा होता, आत आला नाही. रक्त पाहवत नसेल त्याला.

२३ जानेवारी, गुरुवार

आज मी बाबांना बोलले. बोलायला नको होतं, पण शालिकराम सर येऊन गेले आणि माझा बांध फुटला. सर म्हणाले, चौकशी होईल, नशीब एकही मुलगी जवळ नव्हती. ते गेल्यावर मी बाबांच्या डाव्या कानाशी वाकले.

"बाबा, पोराचं बोट रेषेच्या पुढे आलं तरी तुमी शर्यत थांबवत होते. अन् कोणाचंई काडतूस पिस्तुलात घातलं? एवढ्या पोट्ट्या उभ्या होत्या. एखादीच्या डोळ्यात गेलं असतं तं?"

ते एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिले.

"हाव," म्हणाले. "चुकलं माह्यं."

मला वाटलं होतं भांडतील. ते भांडले असते तर मी थांबले असते.

"तुमाले शेवटचे बार काढाचे होते, बस. त्याच्यापुढे काही दिसलंच नाही तुमाले. हट्ट केला तुमी."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी वळले तर दारात सुगत, हातात केळ्यांची पिशवी. किती वेळ उभा होता कोण जाणे. पिशवी तिथेच टेकवून खाली गेला. नंतर जिन्यात बसलेला सापडला. दोन दिवसांपासून जेवला नाही. मी म्हटलं, तुला माझा राग आला ना, आजारी माणसाला बोलले म्हणून? तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "त्याईले नको बोलू दामिनी." एवढंच.

बाबांचा कैवार घेणं त्याचं नेहमीचंच आहे. पण जीव माझाही तुटतोय, ते कोणी पाहत नाही.

२६ जानेवारी, रविवार

ताप आहे. हाताला पू झालाय. बाबांनी मला खाली पाठवलं आणि सुगतला एकट्याला आत बोलावलं. बाहेर झेंडावंदनाची गाणी वाजत होती. सुगत बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले. मी विचारलं, काय म्हणाले? "काही नाही. तुले सांभाळाले सांगतलं."

माझ्याशी बाबा आज नीट बोलले. अपेक्षाचा अभ्यास विचारला. गुरुवारच्या बोलण्याबद्दल मी माफी मागणार होते, तेवढ्यात नर्स आली. उद्या मागेन.

२८ जानेवारी, मंगळवार

कोपराच्या वरून हात कापावा लागला. बाबा कालपासून शुद्धीत नाहीत. सुगत त्यांचे पाय चेपत बसून आहे. उठ म्हटलं तरी उठत नाही. डॉक्टरांनी बाहेर काढलं तर काचेला कपाळ लावून उभा राहतो.

३० जानेवारी, गुरुवार

बाबा गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार. बडनेरा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले होते. त्रिशरण म्हणताना माझा आवाज फुटेना, अपेक्षाने माझ्या वाटणीचंही म्हटलं. रेल्वेतले लोक आले, जुने धावपटू आले. आता पोट सुटलेली, केस पिकलेली माणसं. एक जण म्हणाला, काकांनी मला दोनदा परत रेषेवर आणलं होतं, तिसऱ्यांदा जिंकलो. सगळे हसले.

मागच्या खुर्च्यांवर कुजबुज होती, मी ऐकली. म्हाताऱ्याने हट्ट केला, भलतंच काहीतरी भरलं. पेपरातही तसंच आलं होतं, वयोवृद्ध पंचाचा निष्काळजीपणा. शालिकराम सर मला समजावत म्हणाले, वयाने माणसाचा अंदाज चुकतो. मी म्हटलं, हो, बाबांनी हट्टच केला.

सुगत पंगतीत वाढत होता. त्याच्या हातातून वरणाचं पातेलं पडलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अकोल्याला पोलिसांनी बोलावलं होतं. प्रयोगशाळेतून काही परत आलं होतं, ओळख पटवून सही करायची होती. सुगत साईटवर होता. मी एकटीच गेले.

मॅडमनी टेबलावर दोन पारदर्शक पिशव्या ठेवल्या. एकीत पिस्तुलाचे तुकडे. दुसरीत काडतुसांची रिकामी टोपणं. काही बाबांची जुनी, गंज चढलेली, बिनठिपक्याची. काहींच्या तोंडावर हिरव्या रंगाचा ठिपका. आणि दोन, तोंडाशी लाल.

मॅडम सांगत होत्या. ही शर्यतीची नाहीतच. काँक्रीटमध्ये खिळे ठोकायची बंदूक असते बांधकामावर, तिची आहेत. जाडी तीच, बुडाची कड तीच, म्हणून पिस्तुलात जातात. पण खिळा भिंतीत घुसवायची दारू त्यात असते. तुमच्या वडिलांना ही कुठून मिळाली असतील, काही कल्पना?

मी ती टोपणं ओळखली. किती वर्षं ओळखते मी त्यांना. सुगतची पँट धुताना खिशातून निघतात. साईटवर सांडलेली पायात रुततात, म्हणून तो उचलून खिशात टाकतो. मी ती मोरीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवते आणि मग कचऱ्यात टाकते. हिरव्या ठिपक्याची, लाल ठिपक्याची. कधी विचारही केला नाही की ही काय आहेत.

मी म्हटलं, नाही मॅडम, काही कल्पना नाही. सही केली.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूर कधी गेलं कळलं नाही. बाबांची "नागपुरातला माणूस", पिशवी घेऊन दारात उभा सुगत, जिन्यात बसलेला सुगत, सगळं एकापाठोपाठ येत होतं आणि मी एकेक परत पाठवत होते. बडनेऱ्याला उतरायचंही सुचलं नसतं, शेजारच्या बाईने हलवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तो कामावर गेला नाही. मीच थांबवलं. अपेक्षा शाळेत गेल्यावर मोरीच्या कट्ट्यावरचं एक टोपण आणून त्याच्यापुढे ठेवलं. सापडलं एक, नळाच्या मागे अडकलेलं.

तो खाली फरशीवर बसला.

"मीच आणली होती," म्हणाला. "बाबाईचं जुनं काडतूस खिशात नेलं. साईटवरच्या गनच्या काडतुसाशी ताडून पायलं. जाडी तीच, कड तीच. घरी आणून बाबाईले देल्ली, त्यायनं घालून पायली. पिस्तुलात बसली म्हणून दोघंई खूश झालो."

स्टोअरमधून न विचारता आणलेली, म्हणून मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. त्या रविवारी मैदानावर एक वाजवून पाहिली. ती हिरव्या ठिपक्याची. पिस्तुलाने सहन केली. मग हिरवी संपत आली, आणि मी म्हटलं शर्यती वाढल्या. आदल्या दिवशी त्याने घाईत मूठभर उचलून आणली. ती लाल निघाली.

"रंगाचं मले काय ठाऊक. मी वायरिंगवाला. मले वाटलं कंपनीचा रंग असन. नंतर फिटरनं सांगतलं. हिरवी विटेसाठी, लाल लोखंडासाठी."

त्या दुकानदाराचं बोलणं मी जेवताना सांगितलं होतं, हे मी त्याला म्हटलं. त्याला आठवेना. मला आठवलं. हातात घास धरून तो झोपला होता.

मी विचारलं, मग गप्प का राहिलास? तो म्हणाला, पहिल्याच दिवशी पोलिसांकडे निघालो होतो. बाबांनी शर्ट धरला, त्या डाव्या हाताने. सव्वीस तारखेला पुन्हा आत बोलावून शपथ घातली.

"काय म्हणाले?"

त्याने ते टोपण मुठीत घेतलं. मी वाट पाहिली.

"म्हणाले, बाप अजून कितीक दिवसाचा हाय पोरीले. नवरा तं राहू दे तिचा."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग मला तेच आठवलं, जे गाडीत मी परत पाठवत होते.

"मी त्याईले एवढं बोलले त्या दिवशी. तू दारात होता."

"होतो."

"तरी गप राहिला."

"हाव."

त्याने डोकं फरशीला टेकवलं. मी त्याला उठवलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्ही बोलत नाही. त्याचा डबा भरते, तो नेतो. रिकामा आणतो की फेकून देतो, माहीत नाही.

मला नीट लिहायचं आहे, स्वतःलाच समजावं म्हणून. काडतुसं त्याने प्रेमाने आणली. बाबांना शेवटचे बार काढता यावेत म्हणून. ते मी कदाचित कधीतरी समजून घेईन. दारातलं नाही. एक शब्द बोलला असता तर मी थांबले असते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते माझ्याकडे तोंड करून गेले असते.

आणि बाबांचाही राग येतो. दोघांनी मिळून मला बाहेर ठेवलं. चुकलं माह्यं, म्हणे. ते ऐकून मी आणखी बोलले.

माफी मागायची राहिलीच. उद्या म्हटलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अपेक्षाच्या ओठाला लागलंय. काल शाळेत मारामारी केली. वर्गातल्या एका मुलीने म्हटलं, तुझ्या आजोबांनी स्वतःच स्वतःला उडवलं. मी तिच्या ओठाला बर्फ लावत होते. सुगत दारात उभा राहून ऐकत होता. आज तो आत आला.

"मी उद्या अकोल्याले जातो. पोलिसाले सांगतो."

काम जाईल. केस होईल. अपेक्षाची दहावी दोन वर्षांवर आहे. हे सगळं मला दिसत होतं आणि त्यालाही दिसत होतं. आणि बाबांनी शेवटी जे मागितलं ते मोडणार, हेही. मी बर्फाचा कपडा पिळला.

"परवा जाऊ," म्हटलं. "उद्या मले सुट्टी नाही. मी येतो संगं."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याचा जबाब खूप वेळ चालला. मी बाहेर बाकावर. मग मला आत बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी आधी पाणी दिलं.

म्हणाल्या, तुमच्या वडिलांचा जबाब निराळा आहे. त्यात ते म्हणतात, काडतुसं मी आणली. मग हे कसं? मी म्हटलं, त्यांनी माझ्या नवऱ्याला वाचवलं. हवालदार लिहीत होते, ते मोठ्याने वाचायला लागले, 'मयत डोमाजी इंगळे यांनी दवाखान्यात दिलेला जबाब खोटा असून...'

मी विचारलं, खोटा सोडून दुसरा शब्द नाही का? हवालदारांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, ताई, इथे दोनच शब्द चालतात.

आयुष्यभर रेषेवर उभं राहून ज्यांनी कोणाची खोटी सुरुवात चालू दिली नाही, त्यांच्या नावापुढे खोटा हा शब्द आणि खाली माझी सही. मी केली.

मग मॅडमनी विचारलं, तुमची यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे का?

सुगत कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"हाय," म्हटलं. "पण ते इथं लिवाची नाही."

जामिनावर सोडलं. बोलावलं की यायचं. बडनेऱ्यापर्यंत आम्ही समोरासमोर बसून आलो. घरी पोचलो तेव्हा अपेक्षा शाळेतून आलेली होती, गणवेशही बदलला नव्हता. तिला बसवून सुगतने सगळं सांगितलं. स्वतःच. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, ऐकू येत होतं. त्याने काही लपवलं नाही. खिशातलं जुनं काडतूस, मैदानावरचा बार, लाल ठिपका. माझा बाप मी मारला, असं तो म्हणाला. सासरा नाही म्हणाला, बाप म्हणाला.

अपेक्षा रडली नाही. तिने विचारलं, "मग आजोबा काहून म्हणाले, मीच आणली?"

सुगतने दोनदा सुरुवात केली. मग मला त्याचा हुंदका ऐकू आला.

अपेक्षा थांबलेली. कोणीतरी तिला सांगायला हवं होतं, आणि आता ते सांगणारं घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले.

"तुह्या पप्पावर त्यायचा लय जीव होता," म्हटलं. "माह्यावर होता तेवढाच."

सुगतने वर पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तव्यावर भाकरी होती, म्हणून आत गेले.